माठातला मोगरा आणि मामाचं बावखल

सर्व मासे खाणाऱ्या, मासे न खाणाऱ्या आणि शेजारच्या घरातल्या फोडणीच्या वासावर चार घास जास्त जेवणाऱ्या नागरिकांना अत्यंत गांभीर्याने कळवण्यात येते की, मोगऱ्याच्या फुलांनी मासा गुदमरू शकतो. ही घोषणा ऐकताना कृपया कोणी हसू नये. त्या दिवशी मीसुद्धा हसले नव्हते. कमरेएवढ्या पाण्यात उभी राहून परातीने पाणी उडवत होते, हसायला सवड कुठली? हसू नंतर आलं. ते अजून पुरतं गेलेलं नाही.

आता जरा मागे जाऊ.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. आम्ही वसई पूर्वेला एव्हरशाईन सिटीत राहायचो. घर तिसऱ्या मजल्यावर आणि पाणी टँकरचं. मामा मात्र पश्चिमेला गावात, आपल्या वाडीत. वाडीत केळी, मोगरा, सोनचाफा, एक विहीर आणि एका कडेला बावखल. ज्यांचा वसईशी संबंध आला नाही त्यांच्यासाठी सांगते, बावखल म्हणजे वाडी शिंपण्यासाठी खणलेलं गोड्या पाण्याचं तळं. पावसाळ्यात ते भरतं, वर्षभर वाडीला पाणी पाजतं आणि काठावरचे आंबे, फणस, बांबू फुरसतीने त्यात आपली पानं टाकत बसतात.

या पानांमुळे मामाच्या बावखलाचं पाणी कायम कोऱ्या चहाच्या रंगाचं असायचं. मामाला त्याचा अभिमान होता. "मुरलेलं पानी हाय," तो म्हणायचा, जणू बावखल ही लोणच्याची बरणी होती.

मी त्या वेळी सूक्ष्मजीवशास्त्रात एम.एस्सी. करत होते आणि माझा प्रकल्प नेमका या मुरलेल्या पाण्यावर होता. पान पाण्यात पडतं, तळाला जातं, ते सगळ्यांना दिसतं. पण पानातला जो अर्क पाण्यात विरघळतो तो दिसत नाही. फडक्यातून गाळा, गाळणीच्या कागदातून गाळा, तो आरामात आरपार निघून जातो. हाच अर्क पाण्यातले जंतू खातात. जंतूंना त्यांच्याहून थोडे मोठे एकपेशीय जीव खातात, त्यांना पाण्यातल्या चिमुकल्या पिसवा खातात आणि पिसवांना माशांची पिल्लं. म्हणजे मामाने बावखलात पाळलेले रोहू मासे अंशतः आंब्याच्या पानांच्या चहावरच पोसलेले होते, फक्त तो चहा त्यांच्यापर्यंत तीन-चार पोटं फिरून यायचा. हे मी मामाला सांगितलं तेव्हा तो म्हणाला, "मग मी रोज कोंडा कशाला टाकतो?" शास्त्राला असे प्रश्न विचारणारी माणसं फार थोडी असतात.

आमच्या घराच्या गॅलरीत या पाण्याच्या बाटल्या रांगेने उभ्या असायच्या. आई कपाळाला हात लावायची. "लोक टँकरच्या पाण्यासाठी जिन्यावर भांडतात आणि ही मुलगी डबक्याचं पाणी बसने घरी आणते!" समोरच्या काकूंनी तर एकदा बाटल्या बघून हळूच विचारलं, "केसांसाठी आहे का गं? मलाही दे थोडं." मी खरं सांगितलं. त्यांचा विश्वास बसला नाही. मी त्यांना काढा द्यायला नको म्हणते, असा समज करून घेऊन त्या आठवडाभर माझ्याशी बोलल्या नाहीत.

माझा प्रयोग तसा साधा होता. एका बाटलीत आंब्याची जुनी पानं भिजवायची, दुसरीत ताजी फुलं, आणि दोन्हींत बावखलाचं थोडं पाणी, म्हणजे जंतू आयतेच आले. मग त्यात एका निळ्या रंगाचे थेंब टाकायचे. पाण्यात प्राणवायू आहे तोवर हा रंग निळा राहतो. जंतूंनी खाऊन-पिऊन, श्वास घेऊन घेऊन प्राणवायू संपवला की तो उडतो. पानांची बाटली कितीतरी दिवस निळीच राहायची. जुन्या पानांचा अर्क चिवट, जंतू तो सुक्या बोंबलासारखा चघळत बसायचे. फुलांच्या बाटलीतला निळा रंग मात्र दुसऱ्याच दिवशी गायब! फुलांत साखरेचा अंश, अर्क एकदम गोड, त्यावर जंतू जिलबीच्या ताटावर पडावं तसे पडायचे. पानांची एक बाटली चुकून उन्हात राहिली तर तिचा रंग फिकट झाला आणि तिच्यातही जंतू वाढले. उन्हाने चिवट अर्काचे बारीक तुकडे करून दिले होते, दात नसलेल्या आजोबांना पाव चहात बुडवून द्यावा तसे. मला या सगळ्यात इतकी मजा यायची की मी नाचतच कॉलेजला जायचे. माझ्या मार्गदर्शक बाई म्हणायच्या, "निष्कर्ष लिहा, वर्णनं कमी करा." अजूनही मला ते जमलेलं नाही.

याच सुमारास मामेबहिणीचं लग्न ठरलं. ती आणि मुलगा एकाच पतपेढीत कामाला होते, म्हणजे ठरवलं त्यांनीच, आपल्याला फक्त आनंद व्हायचा होता. मुलगा कळंबचा. समुद्र घरापासून हाकेच्या अंतरावर, घरची होडी, आणि घरात सगळ्यांवर हुकूम चालवणारी मुलाची आत्या. आत्या उंच, आवाज तिच्याहून उंच. पहिल्या बैठकीत ती वाडीत हिंडली, केळीचं कौतुक केलं, सोनचाफा केसांत माळला आणि बावखलापाशी येऊन थांबली. मामाने अगदी मुलाला दहावीत किती गुण पडले ते सांगावं अशा सुरात सांगितलं, "यातले रोहू मी पिल्लांपासून वाढवलेत."

"ह्यातला मासा?" आत्या म्हणाली. "ना रे बाबा. त्याला चिखलाचा वास येतो. आमच्याकडे मांजरबी तोंड लावायची नाय."

मामीने पोह्यांच्या बशा पुढे सरकवल्या. बहिणीने माझ्याकडे पाहिलं, मी आंब्याच्या झाडाकडे. मामा ताठ उभा राहिला. मामा तसा उंचीने बेताचा, पण अशा वेळी तो स्वतःला दोन इंच वाढवून घ्यायचा.

"विहीणबाई," तो म्हणाला, "साखरपुड्याच्या पंगतीला याच बावखलातला मासा वाढणार. त्याला चिखलाचा वास आला, तर मी तुमच्या अंगणात येऊन बसेन आणि अख्खा पावसाळा तुमची जाळी शिवेन."

मामाला सुईत दोरा ओवता येत नव्हता. हे आमच्याकडे सगळ्यांना माहीत होतं आणि कळंबला कळायला वेळ लागणार नव्हता.

पाहुणे गेल्यावर मामाने मला बाजूला घेतलं. "तू शिकलीस ना? हा वास येतो कुठून?" मी सांगितलं की हा वास चिखलाचा नसतोच. पाण्यातले आणि गाळातले काही जंतू एक पदार्थ तयार करतात. सारवलेल्या अंगणात पाणी शिंपडल्यावर जो वास येतो, त्यालाही हाच पदार्थ कारण. तो माशाच्या अंगात भिनतो. मासा काही दिवस स्वच्छ, वाहत्या पाण्यात ठेवला तर वास उतरतो. मी बरंच सांगितलं. पण त्यातलं मामाने आपल्या सोयीचं तेवढंच उचललं.

"म्हणजे वास पान्यातून माशात जातो."

"हो."

"मग पान्यालाच चांगला वास लावू."

मला वाटलं गंमत करतोय. मी हसून बसने घरी गेले.

मे महिना होता. वाडीतली फुलं रोज पहाटे दादरच्या बाजारात जायची, पण त्या आठवड्यात बाजारात फुलांचा पूर आलेला. मोगऱ्याच्या टोपल्या गेल्या तशा परत यायला लागल्या. आता आमच्याकडे उन्हाळ्यात पिण्याच्या माठात मोगऱ्याची चार फुलं टाकतात. पाण्याला मंद वास लागतो, पाहुण्यांना बरं वाटतं. लग्नातल्या ठेवणीच्या साड्यांत सोनचाफा ठेवतात, त्यांनाही वास लागतो. मामाने या दोन्ही परंपरांचा बारकाईने विचार केला आणि परत आलेल्या सगळ्या टोपल्या, मोगरा, सोनचाफा, वर थोडी लिली, असं सगळं बावखलात रिकामं केलं. त्याच्या दृष्टीने बावखल हा एक मोठा माठ होता.

पुढच्या रविवारी मी पाण्याचे नमुने घ्यायला गेले, तर वाडी देवळाच्या गाभाऱ्यासारखी घमघमत होती. बावखलावर पांढरी-पिवळी चादर. मामा काठावर खुर्ची टाकून बसलेला.

"मामा! हे काय केलंस?"

"माठात चार टाकतो, इथे चार टोपल्या."

मी त्याला समजावलं. माठातलं पाणी आपण संध्याकाळपर्यंत संपवतो. इथे ते राहणार, फुलांचा गोड अर्क उतरणार, जंतूंची जेवणावळ बसणार आणि माशांच्या वाटणीची हवा संपणार. मामाने गंभीरपणे ऐकून घेतलं. मग म्हणाला, "बरं बाय, काढतो." आणि खरंच त्याने संध्याकाळपर्यंत झोळीने एकूण एक फूल उपसून काढलं, केळींच्या बुंध्याशी टाकलं आणि हात झटकून म्हणाला, "झालं?"

झालं कसलं! चहाची पत्ती गाळून टाकली म्हणून कपातलं पुन्हा पाणी होत नाही. फुलं बाहेर आली होती, त्यांचा अर्क आत राहिला होता. पाणी आता कोऱ्या चहावरून थेट कडक चहावर गेलं होतं. गडद पाण्यात ऊन खाली उतरत नाही, त्यामुळे प्राणवायू तयार करणारं हिरवं शेवाळही ढेपाळतं. म्हणजे मंगल कार्यालयात जेवायला दुप्पट माणसं आणि वर खिडक्या बंद. मी बाटलीत नमुना घेऊन निळे थेंब टाकले. बघता बघता पाणी पुन्हा तपकिरी. मी मामीला म्हटलं, "उद्या दिवसभर पंप चालू ठेवा, पाणी वरून पाडा. मी आज इथेच राहते."

सोमवारी सकाळी वीज नव्हती.

आणि दारात रिक्षा थांबली होती. त्यातून मुलाची आत्या उतरत होती. साखरपुड्याचा मेनू ठरवायला आली होती ती, आणि बरोबर टोपलीत बर्फातले पापलेट. "उगाच आपले, जोडीला," ती मामीला म्हणाली. त्या 'उगाच'मध्ये मामाची जाळी, सुई आणि दोरा, सगळं आलं.

मामा मात्र खुशीत होता. "या या, विहीणबाई, आधी बावखल बघा." मी मागे धावले. पाण्यावर माशांची तोंडंच तोंडं. गोल, उघडी, हवा घेत असलेली. पंचवीस-तीस रोहू आणि कटले, सगळे वर.

"बघा," मामा हात पसरून म्हणाला, "पाहुणे आले म्हणून वर आलेत!"

"मामा, ते गुदमरतायत!" मी ओरडले. "पाण्यातली हवा संपली!"

आत्याने एक नजर टाकली. पुढचं मी आयुष्यात विसरणार नाही. तिने टोपली मामीच्या हातात दिली, लुगड्याचा काष्टा आवळला, केसांतला गजरा काढून आंब्याच्या फांदीला अडकवला आणि पायऱ्या उतरून सरळ पाण्यात गेली. मागे वळून ती गरजली, "उभे काय ऱ्हायलाव? उतरा! पानी हलवा!"

मग जे झालं त्याला युद्ध म्हणावं की नाच, ते मला अजून ठरवता आलेलं नाही. पाणी उंच उडवून पुन्हा पाडलं की त्यात हवा मिसळते, एवढंच मी ओरडून सांगत होते. मामी कळशी घेऊन उतरली. बहीण केसांना तेल लावून बसली होती, ती तशीच सूप घेऊन आली. सुपातून पाणी उडत नाही हे तिला मध्यभागी गेल्यावर कळलं, मग तिने ते मासे हाकायला वापरलं. मी पीठ मळायची परात घेतली. रिक्षावाला आधी काठावर उभा राहून म्हणाला, "मला भाडं आहे," मग पॅन्ट दुमडून उतरला आणि आमच्यात सगळ्यात लांब पाणी त्यानेच फेकलं. मामा विहिरीचं पाणी पोहऱ्याने काढून काढून वरून ओतत होता आणि दर पोहऱ्याला एकेका माशाची माफी मागत होता. "घे रे बाबा. तू पन घे."

"अवो व्याही, माफी नंतर मागा, पानी वता!" आत्या.

"ओततोय ना! तुम्ही तिकडे कोपऱ्यात बघा!"

"तुम्ही मला मासा शिकवताव?"

मध्येच पाय घसरून ती बुडाली आणि वर आली ती तोंडातून कारंजं सोडत. तिने ओठांवरून हात फिरवला, पाण्याकडे बघितलं आणि मामीला म्हणाली, "चाय चांगली झाली, साखर घालायला इसरलीस." मामी पाण्यातच खाली बसली हसून हसून.

जे मासे फारच गळाठले होते ते आम्ही पदराच्या, धोतराच्या झोळ्या करून वर काढले आणि विहिरीजवळच्या सिमेंटच्या हौदात सोडले. हौदात विहिरीचं ताजं, थंड पाणी होतं. थोड्याच वेळात त्यांचे कल्ले नीट हलायला लागले. मग वीज आली, पंप सुरू झाला, मामाने पाइप आंब्याच्या खोडाला उंच बांधला आणि खाली पत्रा ठेवला. पाणी पत्र्यावर आपटून फुटायला लागलं. दुपारपर्यंत बावखलातली तोंडं एकेक करून खाली गेली. दोन मासे दगावले, त्यांची व्यवस्था शेजारच्या मांजराने लावली. कळंबच्या मांजरांच्या आवडीनिवडी वेगळ्या असाव्यात.

काठावर आम्ही सगळे ओलेचिंब बसलो. मामीने चहा केला. त्याच्या रंगाकडे बघून प्रत्येकाने आधी तो हुंगून पाहिला. आत्याने गजरा फांदीवरून काढून पुन्हा माळला आणि जाताना मामाला एवढंच म्हणाली, "पंगतीची गोष्ट मी विसरली नाय हां."

बावखलाचं पुढे काय झालं ते इथेच सांगून टाकते, कारण माझी गोष्ट पानावर, म्हणजे केळीच्या पानावर संपायची आहे. तो गोड अर्क जंतूंनी पंधरवड्यात फस्त केला. मग त्यांना खाणारे एकपेशीय जीव वाढले, माझ्या सूक्ष्मदर्शकाखाली दिसायचं काय, नुसती जत्रा! मग पिसवा. पाणी पुन्हा आपल्या कोऱ्या चहाच्या रंगावर आलं आणि त्या वर्षी माशांची पिल्लं अशी फोफावली की मामा म्हणायला लागला, हे सगळं त्याने ठरवूनच केलं होतं. मोगरा शेवटी माशात गेलाच, पण वास म्हणून नाही, मांस म्हणून. माझ्या मार्गदर्शक बाईंनी आकडे बघून विचारलं, "एकदम इतके जंतू कसे?" मी म्हटलं, "साखरपुडा होता." त्यांनी ते निष्कर्षात लिहू दिलं नाही.

आता साखरपुडा. अंगठ्या झाल्या, पेढे झाले, वाडीत मांडव, केळीची पानं मांडलेली. मामाने मासे घेतले ते हौदातले. वर काढून ठेवलेले रोहू तिथेच राहिले होते, वरून विहिरीचं ताजं पाणी सतत पडत होतं. मामा मला कानात म्हणाला, "तू म्हटलं होतंस ना, स्वच्छ पान्यात वास उतरतो?" मी म्हटलं, "म्हटलं होतं." "मग आधी का नाय सांगितलंस?" मी हातातला पेढा तोंडात टाकला.

पंगत बसली. आत्या मधोमध. तिच्या पानात मामाने स्वतः तळलेली तुकडी वाढली, कालवण वाढलं आणि पातेलं हातात घेऊन समोरच उभा राहिला. मामीने मागून त्याचा सदरा ओढला, तो हलला नाही. आत्याने तुकडी उचलली. नाकाशी नेली. जवळपासच्या दहा-बारा पानांवरचे घास थांबले. बहीण, जिने साखरपुड्यात एकदाही मान वर केली नव्हती, ती आता सरळ मान लांबवून बघत होती. आत्याने काटा बाजूला काढला, घास खाल्ला, सावकाश चावला. दुसरा घास घेतला. तुकडी संपली. बोटं चाटली.

मामाला राहवेना. "विहीणबाई... वास?"

"हाय," आत्या म्हणाली.

मला डोळ्यांसमोर कळंबचं अंगण दिसलं, त्यात बसलेला मामा आणि त्याच्यासमोर डोंगरासारखी जाळी.

आत्याने पान पुढे सरकवलं आणि अख्ख्या मांडवाला ऐकू जाईल अशा आवाजात ती म्हणाली, "पन तो माशाचा नाय, व्याही, आमचा हाय! इतकी मानसं आंघोळीला उतरल्यावर मासा तरी काय करंल? वाढा अजून एक तुकडी!"